सतरंजी अंथरणारे हात

(एका तालुक्याच्या गावी नागरिकांनी स्वयंसेवी वृत्तीने चालविलेल्या कलाकेंद्राच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचे शब्दांकन.)



वर्धापनदिनाच्या भाषणात संस्थेचे कौतुक करावे, असा आपल्याकडील शिष्टाचार आहे. तो मी थोडक्यात पाळतो. वेतन घेणारा एकही माणूस नसताना तालुक्याच्या गावी संगीताचे वर्ग, चित्रकलेचा वर्ग, नाटकाच्या तालमी आणि महिन्याची सभा इतकी वर्षे अखंड चालविणे ही साधी गोष्ट नव्हे. त्याबद्दल आपले मनःपूर्वक अभिनंदन.

परंतु आपल्या चिटणीसांनी निमंत्रणाच्या पत्रातच एक प्रश्न लिहून पाठविला होता. आजचा वेळ त्या प्रश्नासाठी द्यावा, असे मला वाटते. केंद्राचे सभागृह वर्षभरासाठी ठेक्याने द्यावे, ठेकेदाराने ते लग्नकार्यांसाठी चालवावे, येणाऱ्या रकमेतून केंद्राने बाहेरचे नामवंत कार्यक्रम आणावेत, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आहे. त्यामागचे कारणही पत्रात प्रांजळपणे दिले आहे. जुने कार्यकर्ते थकले आहेत आणि नवे येत नाहीत. हा प्रश्न या एका गावापुरता नाही. महाराष्ट्रातील कितीतरी वाचनालये, व्याख्यानमाला आणि नाट्यमंडळे आज याच वळणावर उभी आहेत. म्हणून त्याचा विचार जरा मुळापासून करू या.

देवळाचा सभामंडप

आपल्याकडे ‘कलाकेंद्र’ हा शब्द नवा आहे. वस्तू जुनी आहे. गावच्या देवळाचा सभामंडप हेच गावाचे कलाकेंद्र होते. तेथे कीर्तन होई, भजन होई, उत्सवात नाटक होई. दक्षिण कोकणात आजही कार्तिकापासून जत्रांचा हंगाम सुरू झाला की दशावतारी मंडळी आज या देवळात, उद्या त्या देवळात, अशी रात्रीमागून रात्र उभी राहतात. ना पडदे, ना मोठे नेपथ्य, ना लिहिलेली संहिता. कथा ठरलेली असते आणि संवाद नट जागच्या जागी रचतो. हे सारे उभे राहते ते गावाच्या व्यवस्थेवर. मंडप कोणी घालायचा, दिवाबत्ती कोणाकडे, मंडळींच्या जेवणाचे कोणी पाहायचे, हे ठरलेले असते. कामाच्या या वाटणीमुळेच गावाला ती कला ‘आपली’ वाटते. ज्याने मंडपाचा खांब रोवला, तो मध्यरात्री उठून घरी जात नाही.

या परंपरेचा गौरव करताना एक गोष्ट मात्र झाकून ठेवता येणार नाही. त्या सभामंडपात सर्वांना प्रवेश नव्हता. ज्यांच्या हलगीवाचून गावचा उत्सव सुरू होत नसे, त्यांनाच पायरीखाली उभे राहावे लागे. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत या दुखण्यावर नेमके बोट ठेवले. अस्पृश्यतेचा विषय घेऊन त्यांनी ‘उःशाप’ हे नाटक लिहिले, ते १९२७ साली रंगभूमीवर आले. आणि १९३१ साली भागोजीशेठ कीरांच्या दातृत्वातून पतितपावन मंदिर उभे राहिले, त्याचे दार सर्व जातींच्या हिंदूंना खुले होते. प्रथम नाटक आणि पाठोपाठ मंदिर, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. कला मनाची कवाडे उघडते आणि मग दगडी दारेही उघडतात. आपल्या केंद्राला त्या सभामंडपाचा वारसा सांगायचा असेल, तर त्याची पायरी पुसून टाकूनच सांगावा लागेल.

कर्कीहून सांगलीला

आता राजाश्रयाकडे वळू. आपण मराठी माणसे ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन म्हणून साजरा करतो. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’चा प्रयोग केला. हे सर्वांना ठाऊक असते. त्याच्या आधीची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. १८४२ च्या सुमारास उत्तर कानड्यातील होन्नावरजवळच्या कर्की या गावची भागवत मंडळी सांगलीस आली आणि त्यांनी आपला खेळ केला. तो पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी भाव्यांना मराठीत तसे काही करावयास सांगितले. म्हणजे मराठी रंगभूमीच्या जन्मोत्सवात कानडी भागवतांचा वाटा आहे. भाषेवरून भांडणाऱ्यांनी हे अवश्य आठवावे. भारताची एकात्मता घटनेच्या कलमांत आहेच. पण त्याच्या कितीतरी आधीपासून ती अशा फिरत्या मंडळींच्या पायांनी गावोगाव पोहोचत होती.

पुढची गोष्ट आजच्या प्रश्नाशी अधिक निगडित आहे. १८५१ साली चिंतामणराव निवर्तले आणि भाव्यांचा राजाश्रय संपला. मंडळी तेथेच विसर्जित झाली असती, तर ‘सीतास्वयंवर’ हा एका दरबारचा शौक म्हणून इतिहासात जमा झाला असता. भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगाव फिरणे पत्करले आणि १८५३ साली मुंबईत तिकीट लावून प्रयोग केले. आश्रय राजाकडून लोकांकडे आला आणि त्यामुळेच ती रंगभूमी टिकली. आज राजे नाहीत. त्यांच्या जागी शासकीय अनुदान आहे, प्रायोजक आहेत, निवडणुकीच्या आधी उदार होणारे पुढारी आहेत. यांचे साहाय्य घेऊच नये, असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या दिवशी ते थांबेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी आपले दार उघडणार आहे का, हा प्रश्न प्रत्येक संस्थेने स्वतःला विचारला पाहिजे.

हेग्गोडूचा धडा

कर्की हे गाव होन्नावरपाशी, जेथे शरावती नदी समुद्राला मिळते. त्याच नदीच्या वरच्या अंगाला, घाटमाथ्यावर, जोगचा धबधबा ज्या सागर तालुक्यात आहे त्या तालुक्यात हेग्गोडू नावाचे एक खेडे आहे. सुपारीच्या बागांचा, पावसाने झोडपलेला हा मलनाडचा मुलूख. येथे १९४९ साली गावच्या काही मंडळींनी एक नाट्यसंस्था काढली. तिचे नाव ‘श्री नीलकंठेश्वर नाट्यसेवा संघ’. नावात देव आहे, सेवा आहे आणि संघही आहे. या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘नीनासम्’ म्हणून देशभर ओळखली गेली. या मंडळींत सतरा वर्षांचा एक तरुण होता. त्याचे नाव के. व्ही. सुब्बण्णा. पुढे म्हैसूर विद्यापीठाची पदवी घेऊन हा तरुण शहरात रमला नाही. गावी परतला, सुपारीची बाग सांभाळली आणि नाटक सांभाळले.

पुढचा क्रम पाहण्यासारखा आहे. गावची हौशी मंडळी नाटके करीत राहिली. १९७३ साली तेथे चित्रपट मंडळ सुरू झाले आणि जगातील उत्तमोत्तम चित्रपट खेड्यातल्या शेतकऱ्याने पाहावेत, त्यावर बोलावे, असा उद्योग आरंभिला गेला. १९८० साली नाट्यशिक्षणाची शाळा निघाली. १९८५ साली ‘तिरुगाट’ हा फिरता नाट्यसंच सुरू झाला. दरवर्षी काही नाटके बसवायची आणि ती घेऊन कर्नाटकातील लहानमोठी गावे पालथी घालायची, हे त्याचे काम. संस्कृत नाटके, कन्नड नाटके, शेक्सपिअर, ब्रेख्त, सारे काही खेड्यांतल्या प्रेक्षकांसमोर कन्नडमध्ये उभे राहिले. पुस्तकांसाठी ‘अक्षर प्रकाशन’ होतेच. नाट्यगृहाला नाव दिले यक्षगानाचे थोर अभ्यासक शिवराम कारंत यांचे. १९९१ साली सुब्बण्णांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २००४ साली पद्मश्री मिळाली आणि २००५ साली ते गेले. संस्था त्यांच्यामागेही चालत राहिली.

सुब्बण्णांवर समाजवादी विचारांचा, लोहियांचा प्रभाव होता. त्यांची सगळी मते आपल्याला पटतील असे नाही, आणि त्यांनाही आपली पटली नसती. परंतु चांगले काम कोठेही असले, तरी ते जवळ जाऊन पाहावे, त्यातले घेण्यासारखे घ्यावे, ही आपली रीत आहे. मतभेद आहेत म्हणून त्या कामाकडे पाठ फिरवली, तर नुकसान आपलेच होईल.

त्या कामातून मला तीन गोष्टी घेण्यासारख्या वाटतात.

पहिली, प्रेक्षक घडवावा लागतो. गावच्या लोकांना ‘हेच’ आवडते, असे म्हणून हलक्या दर्जाचे देणारा माणूस लोकांचा अपमान करीत असतो. ज्या समाजाने निरक्षर असतानाही कीर्तनातून वेदान्त पचवला, त्याला चांगले नाटक का कळणार नाही? मात्र ते सातत्याने आणि समजावून दिले पाहिजे.

दुसरी, आपल्या मातीत पाय आणि जगाकडे तोंड. हेग्गोडूत यक्षगान आणि शेक्सपिअर यांचे भांडण झाले नाही. ज्याचे घर भक्कम असते, त्याला पाहुण्याचे भय वाटत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तेथे गाव हा केवळ ग्राहक नव्हता. नाटक करणारे, पाहणारे, पाहुण्यांना वाढणारे, रंगमंच झाडणारे, हे सारे एकाच समाजातले होते. संस्थेचे भांडवल पैशाच्या आधी तेथे होते.

कार्यकर्ता की ग्राहक?

बंधू-भगिनींनो, आपल्या प्रश्नाचे उत्तर मला या तिसऱ्या गोष्टीत दिसते. केंद्रापुढे येणारा प्रत्येक प्रस्ताव एकाच कसोटीवर घासून पाहावा. या निर्णयाने कार्यकर्ते वाढतील, की ग्राहक वाढतील?

साधा हिशेब करू. केंद्राला ४० कार्यकर्ते मिळाले आणि प्रत्येकाने आठवड्याला दोन तास दिले, तर आठवड्याचे ८० आणि वर्षाचे ४,१६० तास होतात. आठ तासांचा दिवस धरला तर ते ५२० दिवस झाले. इतके श्रम वेतन देऊन विकत घ्यायचे, तर लहान गावची कोणती संस्था ते पेलू शकेल? आणि विकत घेतलेल्या श्रमात आपलेपणा कोठून आणणार? ठेकेदार सभागृह चकचकीत ठेवील, यात शंका नाही. पण पडद्याची दोरी तुटली तर शिंप्याकडून सुतळी आणून ती बांधणारा मुलगा ठेक्यातून मिळत नाही. आणि नामवंत कार्यक्रम पैशाने आणले, तर गावाला दोन तास उत्तम गाणे ऐकायला मिळेल. पण गावातली मुलगी तानपुरा जुळवायला शिकणार नाही.

करमणूक तर आज प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाइलच्या पडद्यावर जगातला श्रेष्ठ गायक मध्यरात्रीही ऐकता येतो. त्याच्याशी स्पर्धा करून आपण जिंकणार नाही. तशी गरजही नाही. तो पडदा जे देऊ शकत नाही, ते येथे आहे. डॉक्टर, शिक्षिका, रिक्षा चालविणारा तरुण आणि किराणा दुकानातली आजी एका जाजमावर बसून एकच ठेका धरतात, ते येथेच घडते. संघटन म्हणजे याहून वेगळे काय असते?

आपल्याकडील उणिवा

तथापि, कार्यकर्ते येत नाहीत याचा सारा दोष नव्या पिढीच्या माथी मारणे योग्य होणार नाही. स्वयंसेवी संस्थांचे काही ठरावीक आजार असतात आणि ते बहुतेक ठिकाणी सारखेच आढळतात. वर्षानुवर्षे तेच अध्यक्ष आणि तेच चिटणीस. तरुणांच्या वाट्याला सतरंज्या उचलणे, आणि निर्णय मात्र वडीलधाऱ्यांच्या बैठकीत. भगिनींना रांगोळी आणि स्वागतगीत. नाटकातील भूमिका ठरलेल्या घरांत. हिशेब कपाटात.

सतरंजी उचलण्यात कमीपणा नाही. आपल्या कार्यपद्धतीत तर तो पहिला संस्कार आहे. पण तो सर्वांसाठी असला पाहिजे. अध्यक्षांनी वर्षातून चार वेळा तरी सतरंजी अंथरावी आणि सतरंजी अंथरणाऱ्याला वर्षातून चार वेळा तरी बैठकीत बोलू द्यावे. कोणीही एका पदावर तीन वर्षांहून अधिक राहू नये. पद सोडताना आपल्या कामाला दोन माणसे तयार करून द्यावीत. दर महिन्याचा जमाखर्च दारातील फळ्यावर लागावा. पावतीपुस्तकातील दहा रुपयांचा देणगीदारही तो वाचू शकला पाहिजे. शब्दावर विश्वास असतोच. पण फळ्यावरचा हिशेब तो विश्वास पिढ्यान्‌पिढ्या टिकवितो.

आणखी एक गल्लत टाळली पाहिजे. केंद्र स्वयंसेवी आहे, म्हणून येथे येणाऱ्या कलावंतानेही फुकट गावे, ही अपेक्षा अन्याय्य आहे. आपण व्यवसाय सांभाळून सेवा करतो. गोंधळी, शाहीर, दशावतारी, वासुदेव यांचा मात्र तोच चरितार्थ आहे. विठाबाई नारायणगावकरांचे उदाहरण आठवा. १९५७ आणि १९९० साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविण्यात आले. पण अखेरची वर्षे आर्थिक विवंचनेत गेली आणि २००२ साली त्या गेल्या. ज्या कलावतीने महाराष्ट्राला रात्र रात्र जागविले, तिच्या म्हातारपणाची चिंता महाराष्ट्राने वेळेवर वाहिली नाही. म्हणून लोककलावंताला शाल-श्रीफळ द्याच. त्याबरोबर ठरलेले मानधन पाकिटात घालून, कार्यक्रमाच्या आधी, दोन्ही हातांनी द्या. आणि त्याच्याकडून त्याची विद्या आपल्या मुलांनी शिकावी, यासाठी त्याला वर्गात गुरूच्या आसनावर बसवा. समरसता ही भाषणाने येत नाही. ज्याच्यापुढे आपली मुले गुडघे टेकून बसतात, त्याच्याविषयीच ती घरात रुजते.

मग सभागृहाचे काय?

पैसा लागतोच. विजेचे देयक, छपराची दुरुस्ती, पेटी-तबल्याची डागडुजी यांना नुसता आदर्शवाद पुरत नाही. म्हणून सभागृह लग्नाला देऊच नये, असा माझा आग्रह नाही. विवाह हाही संस्कार आहे. गावच्या लेकीचे लग्न या वास्तूत लागले, तर वास्तूची शोभा वाढेल. प्रश्न किती द्यावे आणि कोणाच्या हातून द्यावे, इतकाच आहे.

याचे उत्तर आपल्या पंचांगातच आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मासात परंपरेने लग्नाचे मुहूर्त धरीत नाहीत. आपल्या पूर्वजांनी नेमका हाच काळ श्रवण, कीर्तन, पुराण यांना दिला. १८९३ नंतर लोकमान्यांच्या प्रेरणेने सार्वजनिक झालेला गणेशोत्सव याच काळातला, नवरात्रही याच काळातले. मग हे चार महिने सभागृह संपूर्णपणे केंद्राचे असावे. आषाढात मुलांची शिबिरे, श्रावणात कीर्तनमाला, भाद्रपदात गावच्या मंडळांसाठी नाट्यस्पर्धा, आश्विनात चित्रप्रदर्शन आणि कार्तिकात पाहुण्या मंडळींचे नाटक. तुळशीचे लग्न लागले की सभागृह विवाहांना मोकळे. मात्र तेव्हाही महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार कितीही मोठी रक्कम आली तरी द्यायचा नाही. आणि चाव्या ठेकेदाराकडे जाणार नाहीत. त्या केंद्राच्याच कार्यकर्त्याकडे राहतील. उत्पन्न काही थोडे कमी होईल. ते आपण सोसावे. घराची एखादी खोली भाड्याने द्यावी. घराची किल्ली देऊ नये.

हरिभाऊ वाकणकर हे नाव आपणा सर्वांच्या आदराचे आहे. नीमचला जन्मलेला आणि उज्जैनला कर्मभूमी मानणारा हा चित्रकार. रेल्वेच्या खिडकीतून दिसलेल्या खडकांनी त्यांना खुणावले, ते उतरून चालत गेले आणि १९५७ साली भीमबेटकाची शैलचित्रे जगापुढे आली. पुढे १९८१ साली संस्कार भारतीची स्थापना झाली, तिच्या उभारणीतही ते होते. त्या गुहांत चित्रे काढणाऱ्या माणसाकडे ना अनुदान होते, ना सभागृह. दिवसभर शिकार करून दमलेल्या माणसाला रात्री भिंतीवर रेघ ओढावीशी वाटली. पोट भरल्यावर उरलेल्या वेळेची चैन म्हणजे कला, असे जे म्हणतात त्यांना ते खडक उत्तर देतात. कला ही माणसाच्या माणूसपणाची खूण आहे. आणि ती जपण्याचे काम दुसऱ्याला ठेक्याने देता येत नाही.

आज आभारप्रदर्शनानंतर दाराशी एक वही ठेवावी, अशी विनंती मी चिटणीसांना केली आहे. देणगीची वही नव्हे. त्यात प्रत्येकाने आपले नाव, आठवड्यातला एक वार आणि एक काम लिहावे. पेट्या साफ करणे, लहान मुलांना घरून आणणे-पोहोचविणे, जमाखर्च लिहिणे, पडदे शिवणे, वृद्ध शाहिराकडून ऐकून गीते उतरवून घेणे, यातील काहीही. ज्याला काही सुचणार नाही, त्याने ‘सतरंजी’ असे लिहावे. त्या वहीत किती नावे येतात, यावर ठेक्याच्या प्रस्तावाचे काय करायचे, ते कार्यकारिणीने ठरवावे. प्रस्ताव फेटाळण्याचा ठराव करणे सोपे आहे; पण वहीची पाने कोरी राहिली, तर तो ठराव पोकळ ठरेल आणि ठेकेदार आज ना उद्या येईलच.

ती पाने भरावीत, अशी नीलकंठेश्वराच्या आणि या गावच्या ग्रामदैवताच्या चरणी प्रार्थना करतो आणि माझे बोलणे संपवितो.

भारत माता की जय!